नववी ‘ब’ची विहीर

नववी ‘ब’च्या वर्गात मी जिथे उभी राहते तिथली फरशी, कुणी "बाई, हे परीक्षेला आहे का?" असं विचारलं की वीतभर खाली जाते. जूनमध्ये फक्त घोटे बुडाले होते. गणपतीत मी बाकांकडे खालून बघत होते. सहामाही संपली तेव्हा माझ्याभोवती गोल, दगडी बांधणीची विहीर झालेली होती. बांधकाम चांगलं होतं, सांधे नीट भरलेले.

मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तास सुरू झाला की ती काठाशी येत, खाली बघून "एक साथ, नमस्ते!" म्हणत आणि जागेवर जात. त्यांचं नमस्ते खाली पोचेपर्यंत ती बसलेली असत. माझं "बसा" वर पोचेपर्यंत त्यांच्या गप्पा रंगलेल्या असत.

मी मराठी शिकवते. फळा वर राहिल्यामुळे विहिरीच्या दगडांवरच लिहीत असे.

मुख्याध्यापक गवांदे सर एकदा पाहणीला आले. मला त्यांच्या बुटांची टोकं दिसली.

"कुलथे बाई, आवाज येतोय ना वर?"

"येतो सर. पण मला जरा..."

"मग झालं तर. पोर्शन मागे पडू देऊ नका. काठाला खडूची रेघ मारून घेतो, पोरं पडायला नकोत."

रेघ मारली गेली. माझ्यासाठी एक शिडी होती, ती स्टाफरूमच्या रंगकामाला नेली. रंगाऱ्यांनी भिंतीबरोबर तीही रंगवून टाकली. आता ती भिंतीतच आहे, असं शिपाईमामा वरून सांगून गेले. तेव्हापासून मी घरी गेले नाही. घरी कुणी वाट बघणारं नव्हतं, म्हणून बोभाटाही झाला नाही.

मधल्या सुटीत डबे उघडले की वास तेवढे खाली येत. मेथीची भाजी, लसणाची चटणी. मी डोळे मिटून कुणाच्या घरी काय झालंय ते ओळखत बसे.

शेजारी ‘क’च्या वर्गात बीजगणिताचे खोडके सर माझ्या आधीपासून खाली होते. दगडाला कान लावला की ते ऐकू येत.

"बाई, पाणी लागलं का तुम्हाला?"

"अजून नाही सर."

"मला गुडघ्यापर्यंत आलंय. गार आहे. होते सवय."

दिवाळीनंतर दगडातून नुसतं पाणीच ऐकू यायला लागलं. ‘क’ची मुलं अजून रोज त्या पाण्याला एक साथ नमस्ते म्हणतात.

त्या दिवशी ओव्यांचा पाठ होता. पुस्तक वर राहिलेलं, म्हणून मी माझीच एक ओवी जात्याच्या संथ चालीत म्हटली:

खोल विहिरीच्या तळी, माझी घागर एकली,
वर कोण गं वाकली, सांग बाई.

मी पाय घट्ट रोवले. आता ओम साळुंके नेहमीचा प्रश्न विचारणार. तो वाईट नाही, घरी गेल्या गेल्या त्याला हेच विचारतात.

पण आवाज पूर्वा चिंचोलेचा आला. वर्षभर तिच्या तोंडून "हजर"पलीकडे शब्द निघाला नव्हता.

"बाई, कोण वाकली हो?"

फरशी थरथरली आणि मला घेऊन वीतभर वर आली. असं कधीच झालं नव्हतं.

"मला नाही माहीत गं. तुला कोण वाटतं?"

"जेवायला हाक मारायला आली असेल कुणीतरी." ती काठावर आली. गोल उजेडात तिच्या दोन वेण्या दिसल्या. "बाई, तुम्ही जेवलात का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. फरशी सरसर वर येत होती. मला पंख्याची पाती दिसली, मग खिडकीचा गज.

"मस्का, मस्का!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. "तोंडीचे मार्क वाढवून घेतेय ही!"

वर्ग हसला. फरशी होती तिथेच थांबली. पूर्वाने वेण्यांच्या लाल रिबिनी सोडल्या, एकमेकींना गाठ मारली, एक टोक डब्याच्या कडीला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला. डबा स्वतःभोवती गिरक्या घेत खाली येऊ लागला. मेथीच होती. मी हात उंच केला. डबा कोमट लागला. मी कडी धरली.

"बाई," ओम साळुंके काळजीने म्हणाला, "हे परीक्षेला आहे का?"

फरशी खाली निघाली. रिबीन ताणली गेली. वर पूर्वाच्या बुटांचे तळ काठाकडे घासत आल्याचा आवाज आला.

"सोड पूर्वा! गाठ सोड!" मी ओरडले आणि कडी सोडून दिली.

मी खाली जात राहिले. डबाही येत राहिला, माझ्या बोटांपासून तेवढ्याच अंतरावर. आणि त्याच्या वर, गोल उजेडात, मोकळ्या केसांचं ते डोकं लहान होत नव्हतं.