एका पानात कुमुद

आठल्यांची फाइल मी कॉम्प्युटरमध्ये आत घेतली आणि आठल्ये माझ्यासमोर बसल्या जागी सरळ झाले. आधी त्यांचा खोकला तालावर यायला लागला, मग डोळ्यांची उघडझाप. पाठीचं पोक गेलं. चार पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा चार टाकायची, असं करत ते खिडकीपर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "बरं वाटतंय हो, मास्तर."

वाटणारच. हा गृहस्थ आमच्या गावच्या संगीत मंडळाचा बारा वर्षं सचिव आहे आणि बारा वर्षांत एकदाही समेवर आलेला नाही. मंडळाच्या पंचाहत्तरीचं पुस्तक काढायचं आणि सभासदांनी बांधलेल्या चाली त्यात पाच रेषांच्या स्वरलिपीत छापायच्या, ही त्याचीच अक्कल. चाली सगळ्यांनी की-बोर्डवर वाजवल्या, फायली एका पेनड्राइव्हमध्ये भरल्या, आणि हे महाशय तो माझ्या टेबलावर ठेवून तोंड वर करून सांगतात, "फाइल आत ओढली की कागद बाहेर. तुम्हाला काय काम आहे त्यात?"

डोंबलाचा कागद बाहेर. फाइलमध्ये कुठली पट्टी कधी दाबली आणि कधी सोडली एवढीच नोंद असते. मग प्रोग्रॅम विचारतो, सगळ्यात लहान तुकडा कितीचा धरू? पाव मात्रेचा धरला तर माणसाने घेतलेला श्वाससुद्धा कागदावर उमटतो, पानभर विरामांची चिन्हं होतात आणि कुणाच्या बापाला वाचता येत नाही. एका मात्रेचा धरला तर इकडेतिकडे झालेलं सगळं जवळच्या मात्रेवर ढकललं जातं. कागद स्वच्छ, आठल्यांचा झाला तसा. वीस वर्षं मी स्वच्छ कागद देतोय. माझं पान वाचता आलं नाही असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

दुसरी फाइल घाटपांडे बाईंची. बाई शाळेत संगीत शिकवायच्या, म्हणजे मुलांना गप्प बसवायच्या. वाजवताना त्यांची डावी करंगळी शेजारच्या पट्टीला घासते. प्रोग्रॅमने ते बारीक स्वर चुकून लागलेले धरले आणि काढून टाकले. दहा मिनिटांनी बाई जिना चढून वर आल्या. डाव्या हाताला करंगळी नव्हती. जखम नाही, व्रण नाही, चार बोटांचा व्यवस्थित हात.

"तशी ती नडतच होती," बाई म्हणाल्या आणि आठल्यांच्या शेजारी बसल्या. दोघांचा श्वास एकदम आत जायचा, एकदम बाहेर यायचा. मला किळस आली.

तिसऱ्या फाइलवर माझ्या बायकोचं नाव होतं.

"वहिनींनी पण दिलीय की," आठल्ये म्हणाले. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. कुमुद आत स्वयंपाकघरात होती.

कुमुदचं सांगतो. तिला काहीही विचारा, उत्तर जरा उशिरा येतं. चहा घेणार का विचारलं तरी ती आधी विचारणाऱ्याकडे बघते, थांबते आणि मग बोलते. बघायला गेलो होतो तेव्हा मी विचारलं, मी पसंत आहे का? ती इतकी थांबली की तिच्या वडिलांना घाम फुटला. मी त्या थांबण्याच्याच प्रेमात पडलो, आणि सव्वीस वर्षांत या गावात मला धड आवडलेलं दुसरं काही नाही. चाल तिने की-बोर्डची तालाची टिकटिक बंद ठेवून वाजवली होती. टिकटिक लावून वाजवलं तरच प्रोग्रॅमला मात्रा कुठे पडते ते कळतं. हे मी अख्ख्या गावाला ओरडून सांगतो, घरात सांगायचं राहिलं.

मी तुकडा पाव मात्रेचा धरला. खोली लांबली. दर चार पावलांवर जमिनीपासून छतापर्यंत एक काळी रेघ उभी राहिली, दोन रेघांमध्ये एक खण, असे एकेचाळीस पानांचे खण. स्वयंपाकघराचं दार पार टोकाला गेलं. तिथून कुमुद हात पुसत निघाली, होती तशी, प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी जरा थांबत. विरामांची चिन्हं जमिनीतून बाभळीसारखी उगवली होती. ती पदर सोडवत सोडवत येत होती.

"हे काय?" आठल्ये म्हणाले. "हे कोण वाचणार?"

"ज्याला वाचता येतं तो."

"एकेचाळीस पानं? एका पानात बसवा, मास्तर."

घाटपांडे बाईंनी स्क्रीनकडे बघितलं. "नवशिक्याचं काम वाटतंय."

नवशिक्याचं. आणि हे कुणी म्हणावं, तर जिला पोरं गप्प करायला टेबलावर पट्टी आपटावी लागायची तिने. या दोघांच्या मताला मी काडीची किंमत देत नाही. तरी ते मला झोंबलं, कारण पानाखाली माझं नाव छापलं जाणार होतं. कुमुद अजून एकोणतिसाव्या पानावर होती. म्हटलं, अर्धी मात्रा धरू. अर्ध्या मात्रेने काय होतंय.

खोली आखडली. रेघा जवळ सरकल्या, माझी खुर्ची टेबलाला चिकटली. एकेचाळीसची बारा पानं झाली आणि कुमुद एकदम जवळ आली.

"ठीक आहेस ना गं?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. थांबली होती, पण थोडंच.

तिथे मी हात काढून घ्यायला हवा होता.

"बारा पानंसुद्धा जास्त होतात," आठल्ये म्हणाले. "तुम्हाला जमत नसेल तर दुसरीकडे देतो."

दुसरीकडे कुठे? या गावात स्वरलिपी लिहिणारा प्रत्येक जण ठोंब्या आहे. मी तिरमिरीत एक मात्रा धरली. लाज वाटायला हवी होती, वाटलीही, पण नंतर. आधी वाटलं ते समाधान. पान फार सुरेख दिसत होतं.

भिंत माझ्या पाठीला टेकली. एक पान, सोळा खण. कुमुद टेबलापाशी उभी होती.

"दुखलं का गं?"

"नाही."

माझा प्रश्न संपला तिथेच उत्तर सुरू झालं. माझ्याकडे बघायच्या आधीच ती बोलून मोकळी झाली होती.

शेवटच्या खणात एक विराम उरला होता. ती जिथे जिथे थांबली होती ते सगळं प्रोग्रॅमने ढकलत ढकलत शेवटाला आणून टाकलं होतं. उरलेली जागा विरामाने भरायची, असा त्याचा नियमच आहे. तो विराम आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता, तिच्याच उंचीचा, एका पायावर भार देऊन, मान जरा कलती करून, माझ्याकडे बघत. मी विचारलेलं त्याने ऐकलं होतं.

"एवढं शेवटचं काढून टाका की," आठल्ये म्हणाले. "रिकामं दिसतं."

"काढा," कुमुद लगेच म्हणाली.

विरामाने तोंड उघडलं. माझं बोट तेव्हा खोडायच्या बटणावर खाली येत होतं, बरोबर तालावर.