दर पंधरा मिनिटांनी

त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत अंगदला काहीही बिघडू द्यायचं नव्हतं. बदल्यात कायम नेमणूक. हिंगोलीच्या परिचारिका विद्यालयात तो नऊ वर्षं हंगामी संगणकचालक होता. सचिव माणिकरावांची अट एवढीच, सर्व्हरची सुरक्षा वर्षभर एकदाही थांबता कामा नये. ते वर्ष आज, २००८च्या जुलैत, पुरं होत होतं. प्रवेशअर्जांची मुदतही आजच पाचला संपायची होती.

साडेतीनला सेनगावच्या नेट कॅफेवाल्या हनुमानचा फोन आला.

"अंगदभौ, तुमची साइट उघडून न्हाई राहिली. बाकी सगळं चालू हाय. काहून?"

"किती अर्ज राह्यले?"

"एकच. पुसेगावच्या राधिकाबाई बसल्यात समोर. सकाळपासून चोवीस भरले, आन् यांच्याच टायमाला दार लागलं."

अंगदने लिनक्सच्या काळ्या पडद्यावर फायरवॉलचे, म्हणजे सर्व्हरच्या पहारेकऱ्याचे, नियम उघडले. चुकीचा पासवर्ड सारखा टाकणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता तिथे अडवला जायचा, आणि हे नियम दर पंधरा मिनिटांनी आपोआप नवे व्हायचे. ही सोय अंगदचीच, रोज सकाळी लवकर यायला नको म्हणून. अडवलेल्यांत हनुमानच्या कॅफेचा पत्ता होता.

"पासवर्ड कसे टाकता तुमी?"

"बायांच्या ध्यानात राहत न्हाईत, म्हणून मीच ठेवतो. सगळ्याइला जन्मतारीख. कोणाची कोणती ते कधी ध्यानात राहत न्हाई, मग एकेक लावून पाहतो."

हनुमान अख्ख्या तालुक्यावर उपकार करत होता आणि सर्व्हर त्याला चोर समजत होता. दोघेही आपापल्या जागी बराबर.

अंगदने नियम हाताने काढला. "भरा आता."

पावणेचारला नियम परत आला. अंगदने यादीतला पत्ताच खोडला. चारला यंत्राने जुन्या नोंदी वाचून नवी यादी केली, पत्ता जागेवर. सेनगावच्या लाइनवर अर्जाला वीस मिनिटं लागायची, आणि मधेच तुटला की पहिल्यापासून.

"भौ, ते आपोआप व्हायचं बंदच करा ना अर्धा घंटा," हनुमान म्हणाला. "पस्तीसची अट हाय, बाईचं वय पुढच्या साली बसत न्हाई."

बंद करता येत होतं. त्या एका पत्त्याला सूटही देता येत होती. पण दोन्ही गोष्टी माणिकरावांकडे जाणाऱ्या अहवालात छापून येतात. हाताने काढलेला नियम कुठेच येत नाही.

"ते माह्या हातात न्हाई," अंगद म्हणाला.

सव्वाचारला, साडेचारला तेच झालं. पावणेपाचला त्याने पुन्हा नियम काढला. या वेळी फोनवर राधिका होती.

"साहेब, मीच टाइप करते आता. हनुमानभौ लई हळू करतात."

"करा ताई. लवकर करा."

बराच वेळ नुसती कळांची टकटक ऐकू येत राहिली. पाचला नियम परत आला आणि मुदतही संपली. आधी कोणी दार लावलं, हे शोधायची गरज उरली नाही.

"फोटो चढून राहिला होता, साहेब," ती म्हणाली. फोन तिनेच ठेवला.

माणिकरावांना न थांबलेलं वर्ष मिळालं. अंगदला दुसऱ्या दिवशी आदेश मिळाला, पेढे त्यानेच वाटले. अहवालात त्या तारखेपुढे आलं: रोखलेले हल्ले, सात. सातही वेळा सेनगावचाच पत्ता. अंगदने खाली सही केली. पदनामाआधी 'हंगामी' लिहायची त्याला इतकी सवय झालेली की तो शब्द खोडावा लागला.

ऑगस्टमध्ये राधिकाला पस्तीस वर्षं पूर्ण झाली.