जिन्यातला फोन

कपड्यांच्या कारखान्यात तो नुकताच सुपरवायझर झाला होता, आणि पहिल्याच बैठकीआधी जिन्यात उभा राहून घाम पुसत होता. बैठकीची खोली समोरच होती, पण एवढ्यात आत जायचं नव्हतं. जगातलं सगळं कळणाऱ्या त्याच्या मेहुण्याने सकाळीच बजावलं होतं, की वेळेवर येतो तो कारकून. साहेब सगळे बसल्यावर येतो, सावकाश येतो आणि उशीर का झाला ते सांगत नाही.

जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. आज लांबूच्या बदलीचं ठरणार होतं. लांबू म्हणजे कापड कापायच्या टेबलावर वर्षानुवर्षं याच्या शेजारी उभा राहिलेला दोस्त. त्याला लांबच्या कारखान्यात धाडायचं घाटत होतं, आणि घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली. "मी आहे ना आत. तू घोर लावून घेऊ नकोस," असं यानेच छातीठोकपणे सांगितलं होतं.

शेवटी न राहवून तो निघणार, तोच वरून गोदामप्रमुख उतरले आणि तेही जिन्यातच रेंगाळले. त्यांनी फोन कानाला लावला. यानेही लावला. दोघंही "हो, हो, बघतो" म्हणत एकमेकांकडे चोरून पाहू लागले. पलीकडे कोणी नाही, हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. पण आधी आत जाईल तो लहान ठरणार, मग पाऊल कोण उचलणार? याची बुटात बोटं वळवळत होती, तरी गडी हटेना. अखेर गोदामप्रमुखच कंटाळून आत गेले. हा आणखी थोडा थांबला आणि मग छाती काढून आत शिरला.

मॅनेजरांनी मानही वर केली नाही. त्यांना लवकर निघायचं होतं, म्हणून बदल्यांचा विषय त्यांनी आधीच उरकला होता. लांबूचं काय झालं, असं याने हळूच शेजारच्याला विचारलं.

"गेला. साहेबांनी दोनदा विचारलं, कोणाला काही बोलायचंय का. तुमच्या खात्यातलं कोणी नव्हतंच."

याने बोलायला तोंड उघडलं. सह्या झाल्यात, असं म्हणून मॅनेजरांनी पुढचा विषय घेतला.

दुपारी लांबू नेहमीच्या बाकावर डबा न उघडता बसला होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. हा अपराध्यासारखा शेजारी टेकायला गेला, तसा लांबू उठला. त्याने हाताने बाक झटकला आणि बाजूला झाला.

"बसा साहेब," तो म्हणाला. "आम्ही उभे राहतो."