नाकापुरती वाईन

अकोल्यात कापूस खरेदी करणाऱ्या एका विलायती कंपनीचा बंगला होता. तिथल्या मोरेल साहेबाकडे मी १९५० साली खानसामा म्हणून लागलो. साहेब फ्रान्सचा, बरगंडी नावाच्या मुलखातला. बायको-मुलं तिकडेच होती. परवान्यावर त्याच्यासाठी मुंबईहून रेल्वेनं तांबड्या वाईनच्या पेट्या यायच्या. उन्हाळ्यात आलेल्या पेटीचा काही भरवसा नसे. डब्यात तापून तीनातली एक बाटली बिघडलेली निघे. उरलेल्या मी उत्तरेकडच्या खोलीत ओल्या वाळूत आडव्या पुरून ठेवायचो. त्या खोलीची चाबी माझ्याकडेच असे.

बाटली टेबलावर जाण्याआधी ती चाखून पाहायची, हे काम साहेबानं माझ्यावर सोपवलं. त्याचा स्वतःचा दिवस कापसाची सरकी काढायच्या जिनातच जायचा. पहिल्या वर्षी मला त्यात काही कळलं नाही. तुरट, आंबट, खोकल्याच्या औषधासारखी लागायची. एवढ्या लांबून हे आणून पितात कशाला, असं वाटे. साहेब म्हणायचा, "देवमन, पहले नाक. मुँह बाद में. जल्दी मत करो."

नाक लावता लावता दोन हिवाळे गेले. मग एका दुपारी पेला हातात फिरवला आणि अंजनगावच्या पानमळ्यात उभा असल्यासारखं झालं. ओली माती, सावली, पानांचा वास. त्यामागून पिकली जांभळं, आणि पेला रिकामा झाल्यावर तळाशी सुकलेला गुलाब. मी साहेबाला तसं सांगितलं. पानमळा म्हणजे काय ते त्याला कळेना. पुढच्या रविवारी तो मला मोटारीत घालून अंजनगावला गेला. मळ्यात शिरला, वाकून चिमूटभर माती नाकाशी धरली आणि म्हणाला, "सही बोला."

मला तेव्हा अक्षरओळख नव्हती, बाटलीवरचे कागद वाचता येत नव्हते. पण डोळे मिटून चार पेल्यांतली कोणती कुठली, ते सांगू लागलो. चाखण्याच्या एका घोटाचे दोन झाले, दोनाचे चार. नशेसाठी नव्हे, एवढ्यानं नशा येत नाही. संध्याकाळी घरी जाताना ती चव तोंडात राहायची आणि मला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. माझी बायको मनकर्णा म्हणायची, "तुमी घरी येता, पन येत नाई."

१९५६ च्या दसऱ्याला आम्ही दोघं नागपूरला गेलो आणि दीक्षा घेतली. दारू पिणार नाही, ही तिथल्या प्रतिज्ञांतली एक. मी ती मोठ्यानं म्हटली आणि मनापासून म्हटली.

परत आल्यावर साहेबाला सांगितलं, की आता तोंडाला लावणार नाही, नाकानं काय ते सांगीन. साहेब बरं म्हणाला. एक हिवाळा तसा निभला. एप्रिलात मुंबईचा बडा साहेब जेवायला आला. मी बाटली हुंगली, वास ठीक होता. पाहुण्यानं एक घोट घेतला आणि पेला बाजूला सारला. वास होता, पण चव मरून गेली होती. जिभेवर घेतली असती तर मला लगेच कळलं असतं.

साहेबानं आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत एक पितळी पिकदाणी आणून ठेवली. "हमारे मुलुक में चखनेवाला पीता नहीं. मुँह में लेता है, थूक देता है. तुम भी थूको. कसम नहीं टूटेगी." मग म्हणाला, "कल तक सोचो. नहीं तो चाबी माली को, शालिकराम को."

घरी आलो तर बस्तीतले जाणते डोमाजी मामा ओसरीवर बसले होते आणि मनकर्णा जवारी निवडत होती. मी मामांना विचारलं, "मामा, थुकून टाकली तं पेली होते काय?"

मामा म्हणाले, "थुकली तं पोटात काई गेलं नाई. मले तं दोष दिसत नाई."

"मामा," मनकर्णा सुपातून वर न पाहता म्हणाली, "तुमी तंबाखू सोडली होती नं? निस्ती दाढेखाली धरतो म्हनत होते."

"हे बाई वकील पाह्यजे होती," मामा हसून म्हणाले.

मनकर्णा माझ्याकडे वळली. "दोषाचं जाऊ द्या. तुमाले थुकता येईन काय, थे सांगा."

मी उठून रांजणातलं पाणी प्यालो.

सकाळी बंगल्यावर जाऊन एक बाटली उघडली, पेला नाकाशी नेला. पिकदाणी पायाशी होती. तोंडाला पाणी सुटलं. खोलीत मी एकटाच होतो. थुंकलो असं सांगितलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. मी पेला तसाच ठेवला आणि चाबी नेऊन साहेबाच्या टेबलावर ठेवली.

"क्यों? कसम तो नहीं टूटती."

"थूकना नहीं होगा, साहब."

"मुझसे भी नहीं होता," साहेब म्हणाला आणि चाबी उचलली.

चाबी शालिकरामला मिळाली. तो मोहाच्या दारूवर तयार झालेला. चार दिवसांनी दुपारी मी कांदा चिरत होतो. कांद्याच्या वासातूनही दुसरा वास आला, तसा मागच्या दारी गेलो. शालिकराम मोरीवर उभा राहून बाटली उपडी करत होता.

"काहून ओतून राह्यला रे?"

"बिघडली, राजा. घशाले जळतच नाई. निस्तं पानी हाय."

ती बिघडली नव्हती. त्या वर्षी आलेल्या पेट्यांत तशी दुसरी नव्हती. अजून अर्धी बाटलीत होती. चांगली आहे असं म्हटलं असतं तर शालिकरामनं हात थांबवला असता आणि बाटली माझ्यापुढे धरली असती, घे, तूच चाखून पाह्य म्हणून.

"ओत मग," मी म्हणालो.

संपेपर्यंत उभा राहिलो. मग बादलीभर पाणी आणून मोरी धुतली. वास गेला नाही, म्हणून आणखी एक बादली आणली.