फोटोत नसलेला व्हिस्क

मी एक जुना व्हिस्क आहे, आणि अंधाराच्या हातात उजेडाचं कंकण चढवण्यासाठी माझा जन्म झाला आहे. मित्रांनो, हे वाक्य ताईच्या नवऱ्याचं. ते आल्यागेल्या प्रत्येकाला हे ऐकवतात आणि ऐकवताना मला हवेत गरगर फिरवतात. खरं म्हणाल तर माझा जन्म अंड्यातलं पांढरं फेटण्यासाठी झाला. खोक्यावर तसं छापलेलंच होतं, चित्रासकट.

माझी घडण साधी आहे. स्टीलच्या अकरा तारा वाकवून त्यांचा पेरूच्या आकाराचा फुगा केला, त्यांची टोकं एका नळीत कोंबली आणि नळीच्या शेवटी अडकवायला कडी दिली. पोटात काही ठेवलं नाही. माझ्या पुढच्या सगळ्या भानगडी त्या रिकाम्या पोटामुळे झाल्या.

ताई घरी केक करून विकायची. क्रीम फेटून झालं की ती मला उलटा धरायची. क्रीमचं टोक ताठ उभं राहिलं तर "शाबास", पडलं तर दोष दूधवाल्याचा. अशी मालकीण मिळायला भाग्य लागतं. नऊ वर्षं मी सुखात काढली. मी काय करतो आहे हे मला रोज डोळ्यांसमोर दिसायचं. मग विजेचा बीटर आला. मी खालच्या खणात गेलो, एका सोलाण्याशेजारी. ते सोलाणं काय सोलण्यासाठी होतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिथून मला ताईच्या धाकट्या भावाने बाहेर काढलं. वीस वर्षं लग्नांत फोटो काढताना "स्माइल, स्माइल" ओरडून त्याचं घरातलं नावच स्माइल पडलं होतं. स्वतः तो क्वचित हसे. नगर कार्यालयात कायमस्वरूपी छायाचित्रकाराची एक जागा निघाली होती. अर्जासोबत 'रात्रीचं शहर' या विषयावर स्वतः काढलेला एक फोटो जोडायचा होता. मुदत उद्या सकाळी अकरापर्यंत. पुढच्या महिन्यात स्माइलचं वय नियमाबाहेर जाणार होतं. म्हणजे हा फोटो झाला तर नोकरी, नाही तर उरलेला जन्म लोकांच्या मांडवात.

"ताई, हा व्हिस्क नेतो."

"केक करतोयस?"

"पेटवतोय."

ताई ओट्याशी थबकली. मीही थबकलो असतो, पण त्याच्या हातात होतो.

त्याने समजावलं ते असं. व्हिस्कच्या पोटात लोखंडाची लोकर भरायची, कडीला तार बांधायची, लोकर पेटवायची आणि गरगर फिरवायचं. ठिणग्या उडतात. कॅमेऱ्याचं शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं. मग ठिणग्यांच्या सगळ्या रेघा एकाच फोटोत उमटतात आणि आगीचं मोठं वर्तुळ तयार होतं.

"आणि फिरवणारा माणूस?" ताईने विचारलं.

"तो अंधारात हलत असतो, म्हणून उमटत नाही."

"मग मेहनत करून उपयोग काय रे?"

हा प्रश्न मलाही पडला होता. अजून सुटलेला नाही.

आधी गच्चीत रंगीत तालीम झाली. स्माइलने ताईची भांडी घासायची तारेची घासणी माझ्या पोटात कोंबली. अख्खी काडेपेटी संपली, घासणी ढिम्म.

"गंजत नाही, तशी जळतही नाही बघ," ताई म्हणाली. "चांगल्यातली आहे."

मग तो सुताराकडे गेला. लाकूड गुळगुळीत करायला सुतार केसासारखी बारीक लोखंडी लोकर वापरतात. सुताराकडे तीनच गुंडाळ्या शिल्लक होत्या. रात्री दहाला आम्ही अर्धवट बांधलेल्या पुलाखाली पोचलो. खाली नुसतं सिमेंट, वर नुसतं सिमेंट, जळण्यासारखं काही नाही. पाण्याची बादली, ओलं पोतं, हेल्मेट आणि छत्री घेऊन ताईचे यजमान, म्हणजे स्माइलचे दाजी, आले होते. ते विमा कंपनीत होते. कोणतीही गोष्ट दिसली की ती कशी पेटेल हे त्यांना आधी दिसायचं.

पहिली गुंडाळी भरली. स्माइलने चौकोनी बॅटरीची दोन टोकं लोकरीला टेकवली. मित्रांनो, ती काडीशिवाय पेटली! आत लाल किडे धावल्यासारखं झालं. ताईने कॅमेऱ्याचं बटण दाबलं, स्माइलने मला फिरवायला सुरुवात केली, आणि मला वर कोणतं, खाली कोणतं, काही कळेना. मी फेटत होतो, पण पातेलं नव्हतं. माझ्यातून सोनं सांडत होतं आणि कोणी निपटून घेत नव्हतं. वीस सेकंदांत सगळं संपलं. मी सवयीने टोक उभं राहण्याची वाट पाहिली.

"वा!" दाजी म्हणाले. शटर अजून उघडंच होतं आणि ते मधोमध उभे होते, मोबाइलचा टॉर्च लावून.

"दाजी, तुम्ही आत कशाला गेलात?"

"एखादी ठिणगी राहिली असली तर? बघायला नको?"

फोटोत आगीचं वर्तुळ उत्तम आलं होतं. त्यावरून एक पांढरी रेघ गेली होती, पोराने भिंतीवर खडू ओढावा तशी. तो दाजींचा टॉर्च. दाजी स्वतः कुठेच नव्हते.

दुसऱ्या वेळी टॉर्च जप्त झाला, पण वर्तुळ फोटोत नुसतंच लटकल्यासारखं दिसत होतं. ते केवढं मोठं आहे ते समजेना. "मध्ये माणूस हवा," स्माइल म्हणाला. एकच गुंडाळी उरली होती. "तीस सेकंद अजिबात न हलणारा."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. "जमेल?"

"लग्नात दोन तास उभा होतो की नाही? ह्यानेच उभं केलं होतं."

"तेव्हाही डोळे मिटलेत. सगळ्या फोटोंत."

"दाजी," स्माइल म्हणाला, "चेष्टा नको. माझ्याकडे दुसरी लोकर नाही, दुसरा दिवसही नाही."

दाजींनी हेल्मेट घातलं, छत्री उघडली आणि वर्तुळाच्या जागी जाऊन उभे राहिले. स्माइल त्यांच्या पाठीमागे अंधारात गेला. मी पेटलो. छत्रीवर ठिणग्या टपटप पडत होत्या, कापडाला भोकं पडत होती, पण ज्या माणसाला टेबलावरची मेणबत्तीही सहन होत नसे तो तसूभर हलला नाही. ताई मोठ्याने आकडे मोजत होती.

फोटो मीही पाहिला. आगीचं घराएवढं मोठं वर्तुळ, मध्ये छत्रीखाली एक काळी, ताठ आकृती. स्माइल त्यात नाही. मीही नाही. मी त्या वर्तुळात प्रत्येक ठिकाणी होतो हे मला पक्कं ठाऊक आहे. मग एकाही ठिकाणी कसा नाही? ज्यांनी काही केलं नाही ते दाजी मात्र स्पष्ट.

अर्ज वेळेत गेला. मी घरी आलो तो काळा पडून. ताईने मला त्याच न जळलेल्या घासणीने घासलं आणि एकदा क्रीम करून पाहिलं. करड्या रंगाचं झालं. तेव्हापासून स्वयंपाकघर मला हत्यारांच्या खणात पाठवतं आणि "हे खायच्या कामाचं दिसतंय" म्हणून हत्यारांचा खण मला परत पाठवतो. दाजींची भोकं पडलेली छत्री मात्र दिवाणखान्यात टांगली आहे.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या. त्यांना पुसा, कोरडं ठेवा. आणि काम बदलायचं असेल तर त्यांना आधी एकदा सांगा. आम्ही तक्रार करत नाही, फक्त गोंधळतो.

स्माइलला नोकरी लागली. निवड समितीने फोटो बराच वेळ पाहिला म्हणतात. आता तो नगर कार्यालयात दुपारी बारा ते पाच कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांसाठी फोटो काढतो. मागे पांढरा पडदा असतो, आणि दोन्ही कान दिसावे लागतात.