मशीनला फेरी

खुटबावच्या शंभूनं गावोगावची शेततळी खोदली होती. त्यामुळं शिरूरला ऑपरेटरची परीक्षा द्यायची, यातच त्याला अपमान वाटत होता. तावातावानं तो जेसीबीवर चढला आणि त्यानं चावी फिरवली.

टिटवी किंचाळली.

"बंद कर!" परीक्षक मीरासाहेब ओरडले. "उतर खाली. आधी मशीनला फेरी मार."

शंभू चरफडत उतरला. मागच्या चाकापुढं ओंजळीएवढी टिटवी पंख पसरून त्या धुडाला अडवून उभी होती. तिच्यामागं खडीत खडीच्याच रंगाची चार अंडी. शंभूला आठवलं: त्याचा मेंढपाळ बाप कळपाला फेरी मारल्याशिवाय एक मेंढरू हलवत नसे.

"मामा, नापास ना मी?"

"परीक्षा कुठं झालीय अजून?" मीरासाहेब हळूच म्हणाले. "पिल्लं निघाली की ये. तवर मशीन हलणार न्हाई."