खाणावळीतली परात आणि बुंदी

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी परात आहे, जर्मनची. तुम्ही तिला ॲल्युमिनिअमची म्हणता. माझ्या काठाला तीन पोचे आहेत, बूड घासून घासून पातळ झालंय, आणि आज माझ्यात पीठ नाही, बदकांनी गढूळ केलेलं पाणी आहे. पण मला त्याची लाज वाटत नाही. का वाटत नाही, तेच सांगते.

भांड्यांच्या एका छोट्या कारखान्यात गोल पत्रा गरगर फिरवून, काठ वळवून मला घडवलं. दुकानात मला लालबागच्या एका खाणावळवाल्या बाईंनी निवडलं. त्यांनी माझ्या बुडावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाल्या, "ही टिकेल." त्यानंतर कितीतरी वर्षं चाळीस गिरणीकामगारांच्या भाकऱ्यांचं पीठ माझ्यात मळलं गेलं. मळायची बाईंची सून रुक्मिणी. मालवणाकडून नवी नवरी म्हणून आलेली, अंगाने काडी, पण मनगटात जोर असा की पीठ निमूटपणे तिचं ऐकायचं. भाकरी चांगली झाली की जेवणारे तिचं कौतुक करायचे, आणि त्यातला थोडा वाटा मी न विचारता उचलायचे.

त्या खाणावळीचा एक कडक नियम होता. जेवताना पाणी मिळायचं नाही. पाण्याने पोट भरतं, माणूस दोन भाकऱ्यांवर उठतो आणि मग गिरणीत मागाच्या साच्यापुढे उभ्याउभ्या त्याला घेरी येते, असं बाईंचं म्हणणं. पाण्याचा तांब्या त्या पाठीमागे झाकून ठेवत. शेवटचा घास गिळला की मगच तो पुढे यायचा. रुक्मिणीने सासूकडून भाकरी उचलली तसा हा नियमही उचलला.

पुढे गिरण्या बंद पडल्या, माणसं पांगली, खाणावळ मिटली. रुक्मिणीचं बिऱ्हाड मुलुंडला आलं. डोंगराकडच्या अंगाला एका बैठ्या चाळीत दोन खोल्या आणि मागे कढीपत्त्याच्या झाडापुरतं अंगण. चार माणसांच्या घराला माझ्याएवढी परात कशाला हवी? स्टीलची छोटी परात आली आणि मी अंगणात गेले. आधी माझ्यात आमसुलं वाळली, मग कपडे भिजले, आणि शेवटी मला भिंतीला टेकवून सगळे विसरले. खरं सांगते, मला वाईट वाटलं. भंगारवाला गल्लीत ओरडत आला की माझा जीव वरखाली व्हायचा.

रुक्मिणीही म्हातारी झाली. तिचा नियम मात्र म्हातारा झाला नाही. तिचा मुलगा नितेश चाळिशीचा झाला, तरी जेवताना त्याला ठसका लागला की ती म्हणायची, "आधी जेव, मगे पी."

या मार्च महिन्यात नितेशच्या गोराईच्या मित्राने त्याला बदकाची तीन पिल्लं दिली. नितेशने ती बुटाच्या खोक्यात भोकं पाडून घरी आणली. त्याची मुलगी श्रुतिका सातवीत आहे. तिने तिथल्या तिथे नावं ठेवली, पेढा, लाडू आणि सगळ्यात लहान ती बुंदी. घरात कुणालाच बदकांतलं काही कळत नव्हतं. रुक्मिणीला मात्र आपल्याला कळतं असं वाटत होतं, कारण गावी तिच्या आईकडे कोंबड्या होत्या.

पहिल्याच दिवशी तिने मला धुऊन काठोकाठ भरलं आणि पिल्लं आत सोडली. "बदकाक काय पोवाक शिकवचा लागता?" ती म्हणाली. मित्रांनो, पिल्लं पोहली, पण थोड्याच वेळात त्यांची लव भिजून चिंब झाली आणि ती कुडकुडू लागली. आई जवळ नसलेल्या इवल्या पिल्लांच्या अंगावर पाणी झटकून टाकणारं तेल अजून आलेलं नसतं. रुक्मिणीने त्यांना पदराखाली घेतलं, श्रुतिकाने दिवा लावून ऊब दिली. पिल्लं वाचली. पण त्या घटकेपासून पाणी म्हणजे धोका असं रुक्मिणीच्या मनाने घेतलं, आणि मी पुन्हा भिंतीला टेकले.

मग सुरू झाली पिल्लांची खाणावळ. सकाळ-संध्याकाळ उरलेला भात, कोरडा पाव आणि वर मूठभर तांदळाच्या कण्या. पिल्लं तुटून पडायची, मध्येच माना ताणून घास गिळायला धडपडायची. पाणी? ते जेवण आटोपल्यावर, तासाभराने, छोट्या वाटीत. पिल्लं माझ्याकडे धावत येऊन माझ्या कोरड्या बुडाला चोच मारून बघत. मी भिंतीशी उभी होते, सगळं समजत होतं, पण परातीला तोंड कुठे असतं?

तिसऱ्या आठवड्यात बुंदी बसली ती उठेना. पेढा आणि लाडूही थोडे फेंगडे चालत होते, पण बुंदीचे दोन्ही पाय बाजूला फाकले होते आणि ती पोटावर सरपटत वाटीकडे जायची.

"आई, दोन बरी आहेत ना? तिचा नाद सोड," नितेश म्हणाला. तो वाईट माणूस नाही, त्याला ते बघवत नव्हतं इतकंच.

"माझ्या पंगतीत कोण उपाशी उठलो नाय आजवर," रुक्मिणी म्हणाली. "ही उठतली. मी उठवतलंय हिका."

ती आणि श्रुतिका बुंदीला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. परत आल्यावर दोघी अंगणात बसल्या आणि श्रुतिकाने डॉक्टर शर्मिष्ठाबाईंनी लिहून दिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. पाव बंद, नुसता भातही बंद. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य द्यायचं, पण बदकाच्या पायांना लागणारं एक जीवनसत्त्व त्यात कमी पडतं, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यात मिसळायचं. जोडीला उकडून कुस्करलेले मटार आणि बारीक चिरलेला कोबी. आणि खाण्याशेजारी पाणी हवंच. बदकाला घास पाण्यासोबतच गिळता येतो, नाकपुड्याही पाण्यात बुडवून धुवाव्या लागतात.

"आजी, तू त्यांना सांगितलंस ना, पाणी जेवणानंतर देतो म्हणून," श्रुतिका हळूच म्हणाली. "तेव्हा त्या म्हणाल्या, पिल्लू गुदमरलं नाही हे नशीब."

पन्नास वर्षं ज्या नियमाने रुक्मिणीने माणसं पोसली, त्याच नियमाने एक पिल्लू गुदमरता गुदमरता वाचलं होतं, आणि तिच्याच भाता-पावाने ते आडवं पडलं होतं. हे कुणालाही गिळायला जडच.

मग ती उठली. मला भिंतीपासून ओढलं, राख आणि नारळाची शेंडी घेतली आणि अशी घासली की माझे पोचेसुद्धा चमकले. "चूक माझी," ती म्हणाली. "कोंबड्यांतला माका कळता. बदकांत मी अजून पहिलीत असंय. तू वाच गो, मी करतंय."

त्या दिवसापासून मी पुन्हा कामावर रुजू झाले. सकाळी माझ्यात चार बोटं कोमट पाणी आणि बाहेर पडायला एका कडेला वीट. रुक्मिणी बुंदीच्या पोटाखाली तळहात धरायची आणि तिला पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे अंगाचा भार न पडता पाय हलतील. थोड्याच वेळात बाहेर, टॉवेलने कोरडी, दिव्याखाली. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. पेढा-लाडू पाण्याची लगेच वाट लावायचे, की ते कढीपत्त्याला ओतून नवीन भरायचं. रुक्मिणीची कंबर धरायची. नितेश म्हणायचा, "पुरे ना आता," तर ती त्याच्याकडे बघायचीही नाही. चार दिवस गेले, सहा गेले, बुंदीचे पाय पाण्यात नुसते लोंबत राहिले.

आठव्या दिवशी सकाळी माझ्या बुडाला काहीतरी लागलं. खरवडल्यासारखं, अगदी हलकं. तुम्ही कुणी असतात तर तुम्हाला कळलंही नसतं, पण माझं बूड पातळ आहे. बुंदीच्या नखाने मला ढकललं होतं. पुन्हा ढकललं. रुक्मिणीच्या तळहातावरचा भार कमी झाला.

अकराव्या दिवशी तिने हात काढून घेतला. बुंदी एकदा कलंडली, सावरली, विटेवर चढली आणि माझा काठ ओलांडून अंगणात उभी राहिली. फेंगडी, थरथरत, पण दोन पायांवर. मग चालत खाद्याकडे गेली, एक घास घेतला आणि पाणी प्यायला माझ्याकडे परत आली. रुक्मिणीने पदर तोंडाला लावला. मला पदर नाही, म्हणून मी नुसती भरलेली राहिले.

आता तिघं मोठी झाली आहेत. रोज अंधार पडायच्या आत रुक्मिणी त्यांना जाळीच्या खुराड्यात घालते, घुशी-मांजरांची भीती असते ना. पाणी दिवसातून चार वेळा बदलते.

मित्रांनो, एखादा जीव घरी आणाल तेव्हा आपल्याला काय येतं हे त्याला दाखवू नका. त्याला काय लागतं ते आधी विचारा. चुकलात तर कबूल करा आणि त्याच हातांनी ती चूक निस्तरा. आणि जुनी परात भंगारात टाकण्याआधी एकदा तिच्या बुडावर टकटक करून बघा.

काल संध्याकाळी मागचं दार उघडं होतं, म्हणून मला आतलं दिसलं. नितेश जेवत होता. त्याला ठसका लागला. सवयीने तो थांबला, डोळ्यांत पाणी आलं तरी काही मागितलं नाही.

रुक्मिणीने तांब्या उचलला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"पी रे," ती म्हणाली.